विकून परत नेलेली लढाई

कादंबरी विकणारा दुकानदार तीन वर्षांनी गिऱ्हाइकाच्या घरी यावा, कपाटातले पुस्तक काढून त्याने त्याची पहिली शंभर पाने फाडावीत आणि म्हणावे, "नवी प्रकरणे लिहून झाली आहेत. पुस्तक फार जाड होऊ लागले, म्हणून जुनी पाने घेऊन जातो. नव्या प्रकरणांचे पैसे तेवढे द्या." अशा दुकानदाराला आपल्या गावात कोणी पुन्हा उंबरठा ओलांडू देणार नाही. परंतु नेमका हाच व्यवहार १० नोव्हेंबर २०२० रोजी जगभरच्या असंख्य गिऱ्हाइकांशी करण्यात आला आणि त्याला 'विस्तार' असे भारदस्त नाव देण्यात आले. ज्या वस्तूच्या बाबतीत हे घडले ती वस्तू म्हणजे संगणकावर व टीव्हीच्या पडद्यावर खेळला जाणारा 'डेस्टिनी २' हा बंदुकीच्या लढाईचा खेळ. त्या व्यवहाराविषयी आम्हांला येथे स्पष्ट बोलावयाचे आहे.

हा खेळ आमच्या बहुसंख्य वाचकांच्या घरी नसेल. तरीही तो समजून घेणे अगत्याचे आहे; कारण आज गाणी, चित्रपट, पुस्तके आणि मुलांचे खेळ आपल्या घरांत ज्या वाटेने येतात, त्याच वाटेवरचे हे एक ठळक उदाहरण आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू या शहरी बंजी नावाची कंपनी आहे. तिने पहिला 'डेस्टिनी' ९ सप्टेंबर २०१४ रोजी आणि दुसरा ६ सप्टेंबर २०१७ रोजी बाजारात आणला. मानवजातीचे एकच शहर शिल्लक उरले आहे, त्याच्यावर 'ट्रॅव्हलर' नावाचा एक महाकाय पांढरा गोल तरंगतो आहे आणि खेळणारा त्या शहराचा 'गार्डियन', म्हणजे रक्षक आहे, अशी ही कथा. खेळ इंटरनेटवरच चालतो. एकट्याने खेळावयाचे म्हटले, तरी कंपनीच्या यंत्रांशी जोडणी असावीच लागते. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा प्रश्न तिच्यातून उद्भवतो.

अशा खेळाचे आयुष्य विस्तारांवर चालते. २०२४ पर्यंत साधारण वर्षा-दीड वर्षाने एक मोठा विस्तार विकावयास येत असे. त्यात नवा ग्रह किंवा नवा प्रदेश असे, कथेची नवी मोहीम असे, नवी शस्त्रे असत. शिवाय एक 'रेड' असे. रेड म्हणजे सहा जणांनी मिळून सर करावयाचा एक गड. त्यात निव्वळ नेमबाजी पुरत नाही. कोणी कोठे उभे राहावे, कोणी काय पाहिले ते कोणाला सांगावे, हे एकमेकांशी बोलून ठरवावे लागते.

या नव्या सामग्रीत काही अर्थच नसतो, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ४ जून २०२४ रोजी आलेल्या 'द फायनल शेप' या विस्ताराने दहा वर्षे चाललेल्या कथेचा शेवट केला. त्यातील रेड पहिल्या चमूने सुमारे १९ तासांच्या अथक प्रयत्नाने पूर्ण केली आणि त्यांनी ती पूर्ण करताच, बारा जणांनी मिळून खेळावयाची अखेरची लढाई सर्वांसाठी खुली झाली. सहा जणांच्या श्रमाने बाकीच्यांचे दार उघडावे, ही कल्पना सुंदर आहे. तसेच, या खेळातील सेनापती झवाला याला आपला आवाज देणारे अभिनेते लान्स रेडिक १७ मार्च २०२३ रोजी निवर्तले, तेव्हा देशोदेशीचे खेळाडू खेळातल्या मनोऱ्यावर झवालाच्या मूर्तीभोवती जमले आणि स्तब्ध उभे राहून त्यांनी त्याला सलामी दिली. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यातले बहुतेक जण एकमेकांना नावानेही ओळखत नव्हते. जेथे माणसे अशी दुःखात एकत्र येतात, त्या जागेला 'पोरखेळ' म्हणून झिडकारणे आम्हांला योग्य वाटत नाही.

आणि म्हणूनच पुढील हकीकत अधिक खटकते. लान्स रेडिक यांनी 'डेस्टिनी २'च्या ज्या मूळ मोहिमेत झवालाचे काम केले, ती 'रेड वॉर' नावाची मोहीम त्या सलामीच्या दिवशी खेळात अस्तित्वात नव्हती. शहरावर शत्रूचा हल्ला होतो, रक्षकांची शक्ती हिरावली जाते आणि ते पुन्हा उभे राहतात, ही त्या मोहिमेची कथा. २०१७ साली अमेरिकेत ६० डॉलर मोजून लोकांनी जो खेळ घेतला, त्याचा ती गाभा होती. १० नोव्हेंबर २०२० रोजी 'बियाँड लाइट' हा विस्तार आला. त्याने गुरूच्या युरोपा या उपग्रहावरचा नवा हिमप्रदेश दिला. पहिल्या खेळातला एक जुना प्रदेशही परत आणला. पण त्याच दिवशी 'रेड वॉर' गेली. तिच्यामागून आलेल्या 'कर्स ऑफ ओसायरिस' आणि 'वॉरमाइंड' या वेगळे पैसे घेऊन विकलेल्या दोन्ही मोहिमा गेल्या. मंगळ, बुध, टायटन व आयो हे चार प्रदेश गेले. लेव्हिएथन नावाचे अवाढव्य जहाज गेले. आणि एकूण पाच रेड गेल्या. पुढे २२ फेब्रुवारी २०२२ रोजी 'द विच क्वीन' हा विस्तार आला, तेव्हा २०१८ साली ४० डॉलरांना विकलेल्या 'फोरसेकन' या विस्ताराची मोहीम आणि तिचा एक प्रदेशही त्याच वाटेने गेला. ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांना त्यातला एक छदामही परत मिळाला नाही.

या काढून नेण्याला कंपनीने जे नाव दिले, त्याचा सरळ मराठी अर्थ 'सामग्रीची तिजोरी' असा होतो. शब्दांचा असा दुरुपयोग क्वचितच पाहावयास मिळतो. तिजोरी असते ती मालकाच्या हितासाठी; तिच्यात ठेवलेली वस्तू सुरक्षित राहते आणि किल्ली मालकाच्या कमरेला असते. येथे पैसे देणारा बाहेर आणि किल्ली विकणाऱ्याकडे. अधूनमधून त्या तिजोरीतून एखादी जुनी वस्तू काढून ती नव्या कौतुकाने मांडली गेली, हे खरे. पण दुसऱ्याच्या पैशाची वस्तू त्यालाच पुन्हा भेट म्हणून दाखवण्यात औदार्य ते कसले?

प्रदेशांचे झाले तेच शस्त्रांचे. या खेळात चांगले शस्त्र मिळवण्यासाठी तीच लढाई पन्नास वेळा लढावी लागते. महिनोन्‌महिने खपून मिळवलेल्या शस्त्रांना २०२० सालच्या त्याच विस्तारापासून मुदत घालण्यात आली. मुदत सरली की मोठ्या लढायांत ते शस्त्र निरुपयोगी. खेळाडूंनी एवढा संताप व्यक्त केला की फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीला हे धोरण पुढे चालवणे थांबवावे लागले. नव्याची ओढ वाटावी म्हणून जुन्याला मुद्दाम बोथट करावयाचे, हा त्यामागचा हिशेब होता.

वेळेचाही असाच हिशेब आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून या खेळाचा पाया विनामूल्य झाला आणि उत्पन्नाचा भार विस्तारांवर व 'हंगामां'वर आला. तेव्हा दर हंगामाचा पास सुमारे १० डॉलरांचा होता. त्यात शंभर पायऱ्या असत आणि प्रत्येक पायरीवर बक्षीस असे. त्या काळी हंगाम सरला की त्याची लढाईही सरे. दर मंगळवारी आठवड्याचा हिशेब कोरा होतो आणि नवी बक्षिसे मांडली जातात. सुज्ञ पालकांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. जो खेळ उद्याही असणार आहे, तो मूल आज अर्ध्यावर टाकून जेवावयास उठू शकते. जो खेळ पुढच्या महिन्यात नाहीसा होणार, तो टाकून त्याला उठवत नाही. अशा वेळी आपण मुलाला हट्टी ठरवतो; पण तो हट्ट दुसऱ्या कोणी तरी विचारपूर्वक रचलेला असतो.

हे आम्ही उगाच संशयाने बोलत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये या खेळाच्या काही चाणाक्ष खेळाडूंनी मोजमाप करून दाखवून दिले की, पडद्यावर जेवढे गुण मिळाल्याचे दिसते, त्याहून कमी गुण प्रत्यक्षात जमा होतात. सतत वेगाने खेळत राहणाऱ्याच्या गुणांना आतल्या आत कात्री लागत होती. या गुणांवर जी बक्षिसांची पेटी मिळे, तीच पेटी दुकानात रोख पैशांनाही मिळत होती, हे येथे सांगितले पाहिजे. कंपनीने गोष्ट मान्य केली, कात्री काढून टाकली. आणि त्याच वेळी एक पायरी चढण्यासाठी लागणारे गुण ८०,००० वरून १,६०,००० केले. तेही खेळाडूंनीच हुडकून काढले. किराणा दुकानात काट्याखाली चुंबक सापडला, तर आपण त्याला काय म्हणतो?

आता या व्यवहाराच्या बाजूने जे सांगितले जाते, त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा : खेळाचा आकार शंभर गिगाबाइटच्या पलीकडे गेला होता, प्रत्येक बदलाबरोबर जुन्या मोहिमांत बिघाड होत, त्या तपासण्यातच कारागिरांचा वेळ जाई, सबब, जुने काढल्याविना नवे घडवणे अशक्य होते. ही अडचण खरी आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु अडचण विकणाऱ्याची आणि नुकसान घेणाऱ्याचे, हा न्याय कोठला? ज्याला जुनी मोहीम हवी त्याने ती वेगळी उतरवून घ्यावी, अशी सोय करता आली असती. ते अशक्य नव्हते याचा पुरावा खुद्द कंपनीच्याच घरात आहे. २०१४ सालचा पहिला 'डेस्टिनी' दुसरा खेळ आल्यानंतरही तिने वर्षानुवर्षे वेगळा चालू ठेवला. थोरल्याला घरात ठेवता येते, तर धाकट्याचेच बालपण तेवढे का पुसावे? ऑगस्ट २०२२ मध्ये, यापुढे कोणताही विस्तार तिजोरीत घालणार नाही, असे कंपनीनेच जाहीर केले. ते चांगले केले. पण त्यामुळे आधी नेलेले परत आले नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा : खेळ सुरू करताना जो करारनामा समोर येतो, त्यात स्पष्ट लिहिलेले असते की ग्राहकाला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना, मालकी नव्हे. लिहिलेले असते खरे. पण दुकानाच्या दर्शनी बटणावर मोठ्या अक्षरांत काय असते? 'विकत घ्या.' पाटीवर एक आणि पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत दुसरे, अशा व्यवहाराला आपल्या आजोबांच्या काळी फसवणूक म्हणत. घर भाड्याने देणारा भाडेकरूला 'घर विकत घे' असे सांगत नाही. भाडे घेण्यात गैर काही नाही. भाड्याला खरेदी म्हणण्यात गैर आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे आणि आमच्या मते सर्वांत पोकळ : 'अहो, खेळच तो! त्यात एवढे काय?' ज्याने कधी कोणत्या खेळात जीव ओतला नाही, तोच असे बोलतो. नाटकाची संहिता जाळली, चित्रपटाची एकमेव रीळ फेकून दिली, तर आपण हळहळतो. भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही, याची खंत चित्रपटप्रेमी अद्याप करतात. ती हानी हेळसांडीने झाली असेल; ही तर ठरवून, तारीख जाहीर करून केलेली आहे. शेकडो चित्रकारांनी, संगीतकारांनी, लेखकांनी वर्षानुवर्षे खपून केलेले हे काम आहे. त्या कारागिरांचे काय झाले, तेही पाहावे. जपानच्या सोनी कंपनीने ३६० कोटी डॉलरांना बंजी विकत घेण्याचा करार जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला आणि जुलै २०२४ च्या अखेरीस, म्हणजे सर्वत्र वाखाणलेल्या 'द फायनल शेप'नंतर दोन महिन्यांच्या आत, कंपनीने २२० जणांना, म्हणजे सुमारे १७ टक्के मनुष्यबळाला, घरी पाठवले. ज्यांची नोकरी राहिली नाही, त्यांतील कित्येकांचे कामही खेळात राहिले नाही. आपण काय घडवले ते आपल्या मुलाला दाखवावयाचे म्हटले, तर त्यांनी दाखवावे तरी काय?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. तो न्यायालयातही उभा राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका लेखकाने अमेरिकेतील लुईझियाना राज्यातल्या संघीय न्यायालयात दावा लावला की 'रेड वॉर'ची कथा आपल्या लिखाणावरून उचलली आहे. दोन्ही कथा ताडून पाहण्यासाठी मूळ मोहीम समोर हवी. पण ती कंपनीला सादर करता येईना. जुने रूप आता चालू यंत्रणेवर चालत नाही, असे तिचे म्हणणे. मग तिने काय दाखल केले? खेळाडूंनी यूट्यूबवर ठेवलेल्या चित्रफिती आणि चाहत्यांनी रचलेल्या कोशाची पाने. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी हे परक्यांचे साहित्य विचारात घेण्यास नकार दिला आणि दावा फेटाळण्याची कंपनीची विनंती अमान्य केली. दाव्यात कोणाची बाजू खरी, याच्याशी आम्हांला येथे कर्तव्य नाही. आम्हांला एवढेच दिसते की, जी वस्तू लोकांकडून 'जागा नाही' म्हणून नेली, ती नेणाऱ्यालाही गरजेच्या वेळी सापडली नाही. आणि तिची आठवण जपली ती ज्यांच्याकडून ती नेली, त्या गिऱ्हाइकांनीच.

सुदैवाने सर्वच जण गप्प बसलेले नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा केला. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. जी डिजिटल वस्तू विकणारा नंतर काढून घेऊ शकतो, तिच्यासाठी 'खरेदी' वा 'विकत घ्या' असे शब्द वापरावयाचे असतील, तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे, असे तो कायदा म्हणतो. युरोपातही अशीच हालचाल झाली. युबिसॉफ्ट या कंपनीने २०१४ साली विकलेला 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्या हाती काहीच उरले नाही. त्यातून उठलेल्या चळवळीने, खेळ बंद करताना तो निदान चालण्याजोग्या अवस्थेत सोडावा, अशी मागणी युरोपीय संघापुढे ठेवली. जुलै २०२५ पर्यंत तिच्यावर दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या होत्या.

आपल्या देशात काय आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आहे आणि ते आवश्यकच होते. विकलेली वस्तू परत नेण्याचा हा प्रश्न मात्र त्या कायद्याचा विषय नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात 'अनुचित करारा'ची संकल्पना आली आहे. वाजवी कारणाविना एका पक्षाला करार एकतर्फी संपवण्याची मुभा देणे, हे अनुचिततेचे एक लक्षण तेथे सांगितले आहे. हे हत्यार आपल्या हाती आहे. ते ग्राहक पंचायतींनी आणि वकील बांधवांनी या नव्या बाजारात वापरून पाहावे, असे आमचे आवाहन आहे.

येथे आपल्याच बाजूच्या वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अशा खेळांविषयी बोलावयास उठले की आपण बंदूक आणि रक्तपात यांच्यापलीकडे पाहत नाही. मुलगा पडद्यावर गोळ्या झाडतो याची आपल्याला चिंता वाटते. पण 'विकत घेतले' या शब्दाला काही अर्थ नसतो, दिलेले केव्हाही काढून घेता येते आणि त्याविरुद्ध तक्रार करणे व्यर्थ आहे, हे तो त्याच पडद्यावर रोज शिकतो, याची चिंता आपल्याला वाटत नाही. पहिल्या गोष्टीची भीती धरून आपण मुलाशी भांडतो. दुसऱ्या गोष्टीत तर न्याय मुलाच्या बाजूने आहे. तो जेव्हा म्हणतो की 'मी घेतलेले त्यांनी काढून टाकले', तेव्हा 'बरे झाले, आता अभ्यासाला बस' असे म्हणून त्याला गप्प करू नये. त्याच्या तोंडून त्या वेळी खेळाचा हट्ट बोलत नसतो; आपल्यावर अन्याय झाला आहे, ही जाण बोलत असते. ती जाण विझवली, तर उद्या बाजारात, कचेरीत, निवडणुकीत त्याने ती कोठून आणावी?

आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. विकताना खरे सांगावे : ही खरेदी की भाडे, आणि भाडे असेल तर किमान किती काळाचे, हे किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. पैसे घेऊन दिलेली मोहीम काढावयाची असेल, तर ती वेगळी उतरवून घेण्याची सोय करावी. ते जमत नसेल तर पैसे परत करावेत. आणि काढलेल्या प्रत्येक कामाची चालू शकणारी प्रत एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात वा संग्रहालयात जमा करावी, म्हणजे ज्यांनी ते घडवले त्यांना ते पाहता येईल. पुस्तके छापणारे आपल्याकडे कायद्यानेच पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला देतात. त्यामुळे कोणत्याही प्रकाशकाचे दिवाळे निघालेले नाही.

हे होईपर्यंत कुटुंबांनी एक साधी शिस्त पाळावी. मुलाने एखाद्या खेळाचा नवा विस्तार मागितला, तर लगेच नाही म्हणू नये आणि लगेच होही म्हणू नये. त्याच्याशेजारी बसावे आणि विचारावे : यापूर्वी घेतलेला विस्तार आज खेळता येतो का? दाखव पाहू. तो दाखवू शकला, तर दुकानदार सचोटीचा आहे, असे समजून पुढचा विचार करावा. दाखवू शकला नाही, तर नव्याची किंमत भाडे म्हणून परवडते का, ते दोघांनी मिळून ठरवावे, आणि खर्चाच्या वहीत ती रक्कम 'भाडे' या सदराखालीच लिहावी.